या महिन्यातल्या सुधारणा

नानांना 'जरा' हा शब्द कळत नसे. 'तेवढं', 'जमलं तर' आणि 'मागच्या वेळचं ते' हेही शब्द त्यांच्या लेखी मराठीत नव्हते. त्यांच्या खिडकीपाशी जाऊन कुणी म्हणालं, "नाना, जरा बैठकीचं ड्रॉइंग देता का," तर आतून शांत आवाज यायचा, "समजलं नाही." माणूस तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायचा. आतून तेवढ्याच शांतपणे, "समजलं नाही." नानांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. खिडकीबाहेर ते उत्तम ऐकत, कुणी कुणाबद्दल काय कुजबुजलं तेसुद्धा.

आमचा कारखाना मळवली स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भातखाचरांच्या कडेला होता. तिथं भात सडायची यंत्रं व्हायची. सगळे त्यांना हलर म्हणत. मालक शेठ शनिवारी मोटारीनं यायचे. लोणावळ्याला त्यांचा बंगला होता आणि कारखाना बंगल्याच्या वाटेवर पडायचा, त्यामुळे हवापालट आणि कारखान्याची पाहणी एकाच पेट्रोलमध्ये होई. त्या कारखान्यात ड्रॉइंग खातं नावाचं एक खातं होतं. खातं म्हणजे नाना, मी, काच बसवलेलं एक टेबल आणि पत्र्याचं एक कपाट. मी धाकटा ड्राफ्ट्समन होतो. नाना प्रमुख होते. कपाटाचा दर्जा आम्हा दोघांच्या मधला.

सुरुवात शहाणपणाची होती, हे मला मान्य केलंच पाहिजे. नाना यायच्या आधी प्रत्येक भागाचं एकच ड्रॉइंग असे. ज्याला बदल हवा असेल तो ब्लेडनं जुनी रेघ खरवडायचा आणि नवी ओढायचा. एकदा यंत्राचं अंग जुन्या मापानं झालं आणि झाकणं नव्या मापानं. झाकणं हातोड्यानं ठोकून बसवली आणि यंत्रं विकली. ती वाजायची फार. नानांनी ठरवलं की यापुढं काहीही खरवडायचं नाही. बदल झाला की नवी प्रत काढायची, तिला पुढचा क्रमांक द्यायचा, कोपऱ्यात बदल कुणी केला आणि का केला ते लिहायचं, आणि जुनी प्रत होती तशी कपाटात ठेवायची. कारखान्यात फक्त छापलेली नक्कल जाणार, मूळ कधीच नाही.

एवढ्यावर नाना थांबले असते तर आम्ही त्यांना विसरून गेलो असतो. चाललेल्या गोष्टीकडे कोण बघतं? पण नानांना चाललेल्या गोष्टीकडे बघवत नसे. ती आणखी चांगली चालेल, ही शंका त्यांना अंगावर सुरवंट चढल्यासारखी बेचैन करायची.

पहिली सुधारणा म्हणजे ती खिडकी. खोलीच्या दाराला कुलूप लागलं आणि भिंतीत एक फळीचं झाकण असलेली खिडकी आली. झाकण वीतभर उघडायचं, त्यापेक्षा जास्त नाही. मग मागण्याची पद्धत आली. आधी काय करायचं ते सांगायचं, मग कोणतं यंत्र, मग कोणता भाग, मग कितवी प्रत, आणि शेवटी कशासाठी. "दे, हलर, झाकण, तिसरी, बघण्यासाठी." असं म्हटलं की झाकणाखालून कागद यायचा. शब्द मागेपुढे झाले की कागद यायचा नाही. काही महिन्यांनी नानांच्या लक्षात आलं की 'दे' म्हणायला वेळ लागतो. मग नुसतं 'द' पुरेल असं ठरलं. वाचलेला वेळ नाना मोजत नसत, पण तो वाचतोय याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खिडकीशेजारी त्यांच्या रेखीव अक्षरातली एक सूचना लागायची. मथळा ठरलेला: 'या महिन्यातल्या सुधारणा'. तळाची ओळही ठरलेली: 'जुनी पद्धत तूर्त चालेल; मात्र ती जुनी आहे हे दर वेळी सांगितलं जाईल.' आणि ते खरोखर सांगितलं जाई. "देतो. ही पद्धत जुनी आहे." तोच माणूस तासाभरानं पुन्हा आला तरी, "देतो. ही पद्धत जुनी आहे." पोपटालाही कधीतरी कंटाळा येतो.

एका वर्षी त्यांनी फार मोठी सुधारणा केली. मागणाऱ्याचा शब्द चुकला तर नुसतं 'समजलं नाही' म्हणून न थांबता ते पुढं विचारू लागले, "तुम्हाला 'झाकण' म्हणायचं होतं का?" माणूस आनंदानं म्हणायचा, "हो, तेच." आतून उत्तर, "मग तसं म्हणा." कागद त्यानंतर. आपण कामगारांसाठी केवढी सोय केली, हे ते मला पुढं आठवडाभर सांगत होते.

फिटर खात्याचे मुकादम दगडूभाऊ कामशेतच्या पलीकडून यायचे. त्यांचं आणि खिडकीचं कधी जमलं नाही. ते एकदा माझ्याशेजारी उभे राहून, नानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "ह्या खिडकीपरास देवाचं दार बरं. तितं निदान मनातलं बोललं तरी चालतंय."

आतून आवाज आला, "आणि मिळतं किती?"

दगडूभाऊ म्हणाले, "ते बी खरंय म्हना."

'कुणाच्या हातचं' हीसुद्धा नानांचीच देणगी. एखाद्या रेघेबद्दल असं विचारलं की नाना ती रेघ कुणी ओढली, कधी ओढली आणि त्या वेळी काय कारण दिलं ते सांगत. आधी या मागणीचं नाव 'दोष कुणाचा' असं होतं. पण त्या नावामुळे दोनदा डब्यांची फेकाफेकी झाली, तेव्हा पुढच्या महिन्यात नाव बदललं. डबे मग फक्त आपटले जाऊ लागले. तीही सुधारणाच.

नाना खरे सुखी असत ते काचेच्या टेबलापाशी. काचेखाली दिवा होता. एकाच भागाच्या दोन प्रती ते एकावर एक ठेवायचे, दिवा लावायचे आणि दोन्हींत कुठं फरक पडला ते शोधत बसायचे. लोणावळ्याकडचा पावसाळा म्हणजे कागदाला ओल आणि माणसाला बुरशी. त्या दिवसांत टेबल कधी थंड पडत नसे, आणि आमचे डबेही त्यावरच गरम व्हायचे. पोळीची चवड उचलली की खाली शाफ्टची चौथी प्रत असायची. एका सकाळी मी आणि नाना दोघांनीही एकाच भागात वेगवेगळे बदल केले. नानांनी मला समोर बसवलं, स्वतः माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आता दोघांचं जमेपर्यंत कुणी उठायचं नाही." मी लगेच म्हणालो, "तुमचंच ठेवा, नाना." ते म्हणाले, "ही तडजोड नाही. ही शरणागती आहे. कारण सांग." मला आयुष्यात फारशा कारणांची गरज पडलेली नाही. ज्याचा आवाज शांत त्याचं ऐकावं, एवढंच मी शिकलो होतो.

खोडायचं नाही हा नियम त्यांनी कागदापुरता ठेवला नव्हता. एकदा रागाच्या भरात ते मला सगळ्यांसमोर गाढव म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला उभं करून म्हणाले, "काल तुला गाढव म्हणालो होतो. ते तसंच राहील. आज त्यावर नवीन: तू गाढव नाहीस." मी आभार मानले. पण मागच्या प्रती कपाटात असतात, हे मला ठाऊक होतं.

घरी मात्र त्यांची पद्धत चालली नाही. लोणावळ्याला त्यांच्या दोन खोल्यांत मी पुष्कळदा जेवलो आहे. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आमटी वाढत होत्या. नाना म्हणाले, "परवाची आमटी आणि आजची यांत काय बदल केलास, ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं. परवाची जास्त चांगली होती." काकू म्हणाल्या, "परवाची परवा संपली. कपाटात नाही ठेवली मी." नानांनी वाटी पुढं केली. त्या घरात 'समजलं नाही' म्हणायचा अधिकार काकूंचा होता आणि त्या तो न बोलता वापरत.

हे सगळं मी हसत सांगतो आहे. तेव्हाही मी हसतच होतो. त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करण्यात माझा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं, आणि नक्कल करून झाल्यावर मी त्यांच्याच घरी जेवायला जायचो. याचं मला वाईट वाटायचं. वाईट वाटणं ही माझी जुनी सवय आहे. तिच्यामुळं माझी भूक कधी कमी झालेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी नानांना ठाऊक नव्हती आणि बाकी सगळ्यांना होती. फिटर खात्याच्या शेडची मागची भिंत धुरानं काळी झालेली होती. त्या भिंतीवर कधीकाळी दगडूभाऊंनी खडूनं हलर ज्यावर बसतो ती लोखंडी बैठक पूर्ण मापात काढलेली होती. रेघा पुसट झाल्या की कुणीतरी त्यावर पुन्हा खडू फिरवायचं. लोखंडी पट्टी त्या भिंतीला लावायची, भोकांच्या खुणा करायच्या आणि ड्रिलखाली घालायची. खिडकीवरून रीतसर मागून आणलेलं ड्रॉइंग शेजारच्या खिळ्याला टांगलेलं असे. संध्याकाळी ते तसंच परत जायचं. नाना ते उजेडात धरून बघायचे आणि मला म्हणायचे, "बघ, फिटर खात्यातून कागद किती स्वच्छ परत येतो. याला शिस्त म्हणतात."

मी म्हणायचो, "हो, नाना."

त्या वर्षी शेठनी ठरवलं की खंडेनवमीच्या पूजेला पाहुणे आणायचे. यंत्रांची, हत्यारांची पूजा दर वर्षी व्हायचीच, पण ती आमची आम्ही, कळकट शेडमध्ये करायचो. पाहुणे येणार म्हणताना बंगल्याचे रंगारी कारखान्यात आले आणि त्यांनी सगळ्या भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. दगडूभाऊ त्या वेळी गावी गेले होते. परत आले तेव्हा शेड शुभ्र झाली होती, ड्रिल मशीनच्या गळ्यात झेंडूची माळ होती. ते मागच्या भिंतीपाशी गेले आणि खडूच्या रेघा होत्या तिथं बोट फिरवलं; बोटाला नुसता चुना आला.

"कसं झालंय, दगडूभाऊ?" शेठनी पाहुण्यांसमोर विचारलं.

"लय चकचकीत," दगडूभाऊ म्हणाले.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला नानांनी एक सुधारणा लावलेली होती. प्रतींची मोजणी एकपासून करणं त्यांना खटकू लागलं होतं. मूळ प्रत म्हणजे बदल नव्हे, मग तिला पहिली का म्हणायचं? तेव्हा मूळ प्रत ती शून्य, पहिला बदल झाला की ती पहिली, असं पुढं. ज्यांना जुन्या मोजणीनं मागायचं असेल त्यांनी शेवटी तसं सांगावं, अशी सवलत खाली होती. सूचना मीच चिकटवली. वाचलीही. मला ती नेहमीसारखीच वाटली, म्हणजे निरुपयोगी.

बैठकीची जी प्रत वर्षानुवर्षं चालू होती ती सगळ्यांच्या तोंडी 'पाचवी' होती. तिच्यानंतरची सहावी नानांच्या कल्पनेवरून मी हौसेनं काढलेली होती. बैठकीवरच विजेची मोटर बसवायची, त्यासाठी हलर एका बाजूला सरकवायचा आणि त्याची भोकं तशी पाडायची. पण पवनेकडच्या ज्या गावांना आमची यंत्रं जायची, तिथं वीज अजून यायची होती. तिथले गिरणीवाले हलरपासून दूर तेलाचं इंजिन ठेवायचे आणि पट्ट्यानं फिरवायचे. म्हणून सहावी कपाटातच राहिली. नव्या मोजणीत आता ती पाचवी झाली होती.

दसऱ्यानंतर बैठका करायच्या होत्या, कारण भात कापणीला आलं होतं आणि कापणी झाली की गिरण्या सुरू. दगडूभाऊ खिडकीपाशी आले. इतक्या वर्षांत प्रथमच ते कागद खिळ्याला टांगायला नव्हे, बघायला मागत होते. घसा साफ करून म्हणाले, "द, हलर, बैठक, पाचवी, नेण्यासाठी."

"देतो," नाना म्हणाले. 'ही पद्धत जुनी आहे' असं त्यांना म्हणावं लागलं नाही, कारण मागणी अगदी शुद्ध होती. मी आत टेबलाशी बसून, दगडूभाऊ शेवटी वळणावर आले म्हणून मनात हसत होतो.

बैठका झाल्या. पहिली कामशेतजवळच्या एका गिरणीत गेली आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवाला कारखान्यात उभा राहिला. पट्टा सरळ बसत नव्हता, हलर एका कडेला गेला होता. सगळ्याच बैठकांची भोकं तशी होती. खळ्यांवर भात येऊन पडलं होतं आणि आमच्याकडे मोटर बसवायच्या बैठकांची रास होती, मोटर कुणाकडेच नव्हती.

शेठ बुधवारी आले. शनिवार सोडून ते आले म्हणजे बंगल्याचा विचार त्यात नव्हता. त्यांनी दगडूभाऊंना अंगणात बोलावलं. सगळे काम सोडून उभे राहिले.

"दगडू, काय केलंस हे?"

"म्या मागितलं ते मिळालं, शेठ. मिळालं ते केलं."

"भोकं सरकलेली दिसली नाहीत?"

"दिसली की. वाटलं बदललं असंल. ह्यांचं रोज काहीतरी बदलतंय."

"काय मागितलंस?"

"पाचवी."

शेठ खिडकीशेजारची सूचना वाचायला गेले. ती वाचणारे मी सोडून ते पहिलेच असावेत. "इथं लिहिलंय, जुन्या मोजणीनं हवं असेल तर तसं सांगावं. सांगितलंस?"

"न्हाई."

"मग चूक तुझी. उद्यापासून येऊ नकोस."

दगडूभाऊंनी डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला. त्यांचं शेत चार वाफ्यांचं होतं आणि घरात खाणारी तोंडं त्याहून जास्त. हे शेठना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

शेठना आता फक्त एक होकार हवा होता. ते खिडकीकडे वळले. "नाना, झाली ना याचीच चूक?"

"समजलं नाही," आतून आवाज आला.

"अहो, मी विचारतोय, ही चूक कुणाची?"

"समजलं नाही."

शेठचे कान लाल झाले. इतकी वर्षं ते पाहुण्यांना ती खिडकी कौतुकानं दाखवत आले होते, पण तिच्याकडून काही मागायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तेव्हा दगडूभाऊ पुढं झाले. नोकरी जाऊन त्यांना पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"शेठ, तसं न्हाई चालत," ते हळू म्हणाले. "आदी काय पायजे ते म्हना. 'कुणाच्या हातचं' म्हना. मग कशातलं, ते."

"कुणाच्या हातचं," शेठ म्हणाले. "बैठक."

"बैठक, पाचवी, हे ड्रॉइंग या धाकट्याच्या हातचं आहे," नाना आतून म्हणाले, "आणि ते बरोबर आहे. तुम्हाला 'सूचना' म्हणायचं होतं का?"

शेठनी दगडूभाऊंकडे बघितलं. दगडूभाऊंनी मान हलवली. "म्हना."

"कुणाच्या हातचं. सूचना. मोजणी," शेठ एकेक शब्द सुटा करत म्हणाले.

फळीचं झाकण उघडलं. या खेपेला वीतभर नाही, पूर्ण. नानांचा चेहरा त्या चौकटीत मी बाहेरून प्रथमच पाहिला. तो आतून दिसायचा त्यापेक्षा लहान होता.

"माझ्या हातचं," नाना म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे हो. पण तुम्ही लिहून लावलं होतं. यानं वाचलं नाही."

"शब्द तोच ठेवला आणि अर्थ बदलला. जो माणूस काल 'पाचवी' म्हणत होता तो आजही 'पाचवी'च म्हणणार. नवा अर्थ आणायचा होता तर नवा शब्द आणायला हवा होता. चूक माझी आहे. दगडूंची नाही."

"पण केलंत कशाला हे? कुणी सांगितलं होतं?"

नाना आत गेले. सूचनेची मूळ प्रत घेऊन आले, कारण ती अर्थातच कपाटात होती, आणि कोपऱ्यात लिहिलेलं कारण त्यांनी वाचून दाखवलं: "जास्त नीट दिसतं."

ते कारण मी नंतर किती वेळा आठवलं असेल. त्यावर आम्ही एरवी महिनाभर हसलो असतो. अंगणात कुणी हसलं नाही.

शेठनी आवाज खाली आणला. "नाना, वय झाल्यावरही तुम्हाला ठेवून घ्यायचं आपलं बोलणं झालंय. दिवाळीनंतर कागद करणार होतो. गिरणीवाल्यांना मला कुणाचं तरी नाव सांगावं लागणार. तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत असं मी समजतो."

"बोललेलं मी काढत नाही, शेठ."

"मग पुढं काहीतरी नवीन बोला."

नानांनी विचार केला. त्यांनी खरंच विचार केला, हे मी शपथेवर सांगतो. काचेवर दोन कागद ठेवल्यावर ते बघायचे, तसं ते कुठंतरी बघत होते. मग म्हणाले, "नाही. हीच शेवटची प्रत."

दगडूभाऊ राहिले. नानांचा कागद दिवाळीनंतर झाला नाही. खिडकी मला मिळाली. मी ती मागितली नव्हती आणि नकोही म्हणालो नाही. मी शेठना फक्त म्हणालो, "बरं." माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मला याच शब्दावर मिळालेल्या आहेत.

नव्या भाताचे तांदूळ झाले तेव्हा दगडूभाऊ मला म्हणाले, "भाऊ, चला, जरा जाऊन येऊ." आम्ही लोणावळ्याला नानांकडे गेलो. दगडूभाऊंनी आंबेमोहोराची पिशवी काकूंपुढं ठेवली. काकू म्हणाल्या, "हे कशाला, भाऊ?" आणि पिशवी आत नेली. नाना खाटेवर कागद पसरून बसले होते. त्यांची सुधारणा चालूच होती. आता मोजणीला आकडेच नकोत, प्रत्येक प्रतीला एकेका झाडाचं नाव द्यावं, म्हणजे कुणी मागचंपुढचं गृहीत धरणार नाही, अशी त्यांची योजना होती. आंबा, जांभूळ, हिरडा इथपर्यंत ते आले होते. कारखाना त्यांना उरला नव्हता, ही त्यांना अडचण वाटत नव्हती.

"दगडू, एक सांगा," चहा होता होता ते म्हणाले. "इतकी वर्षं तुमच्या खात्यात एकदाही चूक झाली नाही. एकदाही. मोजणी हे कारण आहेच, पण मला वाटतं आणखी काहीतरी असणार. त्या महिन्यात तुमच्याकडे दुसरा काही बदल झाला होता का?"

मी बशीकडे बघितलं. दगडूभाऊंनी कप खाली ठेवला.

"न्हाई, साहेब. भिंतींना चुना दिला तेवढाच."

"चुन्याचा काय संबंध?"

"तेच म्हन्तो मी."

नाना समाधानानं मागं टेकले. "म्हणजे पद्धत चांगली होती," ते म्हणाले. "सवलत द्यायला नको होती, एवढंच." दगडूभाऊ म्हणाले, "व्हय, साहेब. पद्धत लय चांगली." मीही मान हलवली.

सोमवारी फिटर खात्यातल्या एकानं खडूचा तुकडा घेतला आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर, खडू दिसणार नाही म्हणून आधी कोळसा फासावा का, असा विचार करत उभा राहिला. दगडूभाऊंनी त्याच्या हातातून खडू काढून घेतला आणि खिशात टाकला. मग माझ्या खिडकीपाशी आले, ड्रॉइंग रीतसर मागितलं, नेलं, लोखंडावर मोजपट्टीनं एकेक माप घालत बसले. दुसऱ्या दिवशी तेच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. कागद आता तेलकट आणि बोटांचे ठसे पडलेला परत येऊ लागला. बैठका निम्म्या वेगानं होऊ लागल्या. शनिवारी शेठ ओरडून गेले. फिटर लोक कुरकुरायला लागले.

एका दुपारी मी झाकण पूर्ण उघडलं आणि म्हणालो, "दगडूभाऊ, भिंतीवर काढा की परत. मी काही बोलणार नाही. आता नाना थोडेच आहेत?"

दगडूभाऊंनी मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"तो मानूस ह्या खिडकीपायी घरी बसला," ते म्हणाले. "ती इतकी वर्सं खोटी व्हती, ह्ये तुमाला म्हाईत, मला म्हाईत. आता खरी तरी करू द्या."